वीस नामांकनं आणि एक पराभव

पुरस्कार मिळायला अजून नऊ दिवस होते, पण पांढरीपांड्यांच्या शोकेसमध्ये त्याची जागा तयार झाली होती. चारुलताबाईंनी मधल्या फळीवरचा सहा पेल्यांचा सेट खाली उतरवला, शंखाशिंपल्यांचा गणपती डावीकडे सरकवला आणि मधोमध जी वीतभर जागा निघाली तिथे क्रोशाचा रुमाल अंथरला. बंडोपंत खुर्चीत बसून हे सगळं न पाहिल्यासारखं करत पाहत होते.

"अजून काही ठरलेलं नाही," ते म्हणाले. "नामांकन म्हणजे पुरस्कार नव्हे. चौघांची नावं आहेत. चौघांतून एक निघणार."

"मी कुठे काही म्हणून राहिली?" चारुलताबाई म्हणाल्या. "धूळ बसली होती, पुसली."

धूळ पुसायला क्रोशाचा रुमाल कशाला लागतो, हे बंडोपंतांनी विचारलं नाही. त्यांनाही तो रुमाल तिथे बरा दिसत होता.

बंडोपंतांनी तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढली होती. दर सव्वीस जानेवारीला तिथे उत्कृष्ट कर्मचाऱ्यांना प्रशस्तिपत्रं मिळत, आणि त्यांची यादी टाइप करायचं काम बंडोपंतांकडे असे. तेहतीस वर्षं त्यांनी इतरांची नावं काना-मात्रा तपासून बिनचूक टाइप केली. त्यात त्यांचं स्वतःचं नाव एकदाही आलं नाही, आणि साहेबांना त्याची आठवण करून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, ते हेमराजच्या 'वैनगंगा केबल'वर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचत होते. मंत्र्यांचा दौरा आणि हरवलेली म्हैस या दोन्ही बातम्या ते सारख्याच गांभीर्याने वाचत. बालाघाटात म्हैस हरवली की लोक आधी त्यांच्याकडे येत आणि मग ठाण्यात जात.

हेमराज मूळचा कटंगीकडचा. एके काळी अर्ध्या शहरावर त्याच्या तारा लोंबत होत्या. आता लोकांच्या गच्चीवर डिशच्या छत्र्या आल्या होत्या आणि हातात मोबाइल आले होते, त्यामुळे तारा होत्या तिथेच राहिल्या आणि गिऱ्हाईक निघून गेलं. काय करावं या विचारात असताना एका रविवारी त्याने आणि त्याच्या बायकोने, रीनाने, मुंबईचा कुठलासा टीव्ही पुरस्कारांचा सोहळा सलग तीन तास पाहिला. सोमवारी सकाळी तो बंडोपंतांच्या दारात हजर.

"काका, तुमी पाह्यलं का? नट्या पाह्याच्या सोडा. जे हारते ना, थे पाहा. थे बी हासते! टाळ्या बी वाजवते! नाव दुसऱ्याचं निघते, अन् हे बसल्या जागी दात काढते. झगडा नाही, भांडण नाही, अन् सारी दुनिया टीव्हीले चिटकून. आपुन बी करू!"

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात पहिल्यांदा एक पुरस्कार असा दिसत होता की ज्याच्या यादीत आपलं नाव येऊ शकतं. पण यायचं तर ते रीतसर यायला हवं होतं. त्यांनी चार दिवस बसून सव्वीस कलमांची नियमावली लिहिली. पाच विभाग, प्रत्येकात चार नामांकनं. प्रेक्षकांनी हेमराजच्या दुकानातल्या पेटीत चिठ्ठी टाकायची. मोजणी हेमराजने करायची आणि प्रत्येक विभागाचा निकाल वेगळ्या पाकिटात बंद करायचा. सूत्रसंचालन बंडोपंतांचं, कारण माइक हातात आल्यावर 'हॅलो हॅलो' न करणारा दुसरा माणूस त्या वाहिनीकडे नव्हता. मात्र 'सर्वोत्कृष्ट निवेदक' या विभागात त्यांचंच नाव असल्यामुळे त्या पाकिटाला ते हात लावणार नाहीत, असं कलम सतरात स्पष्ट लिहिलं होतं.

नामांकितांना पाठवायचं पत्रही त्यांनी तयार केलं. 'आपणांस कळविण्यात येते की आपले नामांकन झाले असून, निवड होईलच असे नाही.'

हेमराजने ते दोनदा वाचलं. "काका, हे तं कोर्टाचा समन्स आल्यावानी वाटते. लोक घाबरतीन."

"त्यात चूक काय आहे?"

"चूक काइच नाही. तुमी राहू द्या, मी माह्या हिशेबानं बोलावतो."

त्याच्या हिशेबाने म्हणजे हेमराजने लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून लाल पत्रिका छापून घेतल्या. वर गणपती, खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. त्यांना हळदकुंकवाची बोटं लावली, रीनाला नवी साडी नेसायला लावली आणि दोघं मोटरसायकलवरून वीसच्या वीस घरी स्वतः जाऊन आली. प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवल्या. "पुरस्काराचा कार्यक्रम हाये, तुमचं नाव हाये, सारे जण या, जेवूनच जा," एवढं सांगितलं आणि प्रत्येक घरी चहा घेतला.

आता या भागात हळदकुंकू लावलेली पत्रिका घेऊन, अक्षता घेऊन माणूस दारात येतो तो काही विचारायला येत नाही. ठरलेलं सांगायला येतो. त्याला कुणी 'नक्की का?' म्हणून विचारत नाही. हेमराजलाही हे जन्मापासून माहीत होतं, फक्त त्या दिवसांत ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना बंडोपंत स्कूटरवरून भाजीला निघाले आणि काली पुतली चौकात त्यांनी ब्रेक दाबला. समोर भला मोठा फ्लेक्स लागला होता. कटंगीचे डोमाजी, जे दर गुरुवारी बांधावर बसून 'धानाची गोष्ट' सांगत, ते फ्लेक्सवर फेटा बांधून हात जोडून उभे होते. 'वैनगंगा टीव्ही पुरस्कार प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! समस्त ग्रामवासी.' खाली तेवीस शुभेच्छुकांचे फोटो. त्याच्या शेजारी वारासिवनीच्या सत्यभामाबाई, ज्यांचा 'सत्यभामाचा चुल्हा' हा स्वयंपाकाचा कार्यक्रम होता, तोच पुरस्कार प्राप्त झाल्याबद्दल हसत होत्या. आणि रस्त्याच्या पलीकडे भरवेलीचे नागसेन सर, प्रश्नमंजूषावाले, यांना तोच पुरस्कार मिळाल्याबद्दल खाण कॉलनीने 'कोटी कोटी बधाई' दिली होती.

तिघंही बंडोपंतांच्याच विभागातले. बंडोपंतांनी चौकाला तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही फ्लेक्स पुन्हा वाचले आणि भाजी न घेता थेट हेमराजचं दुकान गाठलं.

"निकाल फुटला कसा?"

"कायचा निकाल, काका?"

"तिघांना मिळालेला आहे! चौकात लागलेलं आहे!"

हेमराज बाहेर जाऊन पाहून आला आणि काउंटरला टेकून उभा राहिला. मग त्याने डोमाजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"डोमाजीभाऊ, थे फ्लेक्स जरा लवकर नाही का लागलं? म्हंजे नामांकन हाये ना. चौघांतले एक तुमी हा."

"हौ, पाह्यली पत्रिका. आमी साठ जण येऊन राह्यलो. दोन गाड्या केल्या. बँडबी हाये."

"थसं नाही भाऊ. चार जणायले बोलावलं, अन् बक्षीस एकालेच भेटन."

मग डोमाजी म्हणाले, "मंग बाकीचे तिघं काहून येऊन राह्यले?"

"थे बी नामांकित हायेत, भाऊ."

"हेमराज, तू माह्या घरी आला. माह्या मायच्या हातावर अक्षता ठेवल्या. आता मांडवात नेल्यावर सांगशीन का, बाबू, नवरदेव चार हायेत, पाहू पोरगी कोणाले माळ घालते? मजाक करून राह्यला काय बे?" आणि डोमाजी मोठ्याने हसले. हेमराज गंमत करतोय अशी त्यांची पक्की खात्री होती. त्यांनी फोन ठेवला.

हेमराजच्या कपाळावर घाम आला. बंडोपंतांनी मात्र मान ताठ केली.

"घाबरू नको. नियम म्हणजे नियम. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे, हरलेले लोक हसतात."

"हासतीन ना, काका?"

"हसतील," बंडोपंत म्हणाले. "न हसायला काय झालं?"

रविवारी दुपारी तीन वाजता मंगल कार्यालय ओसंडून वाहत होतं. डोमाजी बँड वाजवत आले. त्यांच्या नव्वदीच्या आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. सत्यभामाबाईंच्या सोबत तुमसरचे व्याही होते, आणि व्याह्यांनी विहिणीसाठी आधीच पैठणी आणली होती, म्हणजे विषय नुसता पुरस्काराचा राहिलेला नव्हता. नागसेन सरांना कॉलनीतल्या लोकांनी येतानाच तीन हार घातले होते. मागच्या अंगाला वांग्याची भाजी रटरटत होती, बुंदीचा वास सुटला होता. स्टेजवरच्या टेबलावर गोंदियाहून आणलेल्या पाच सोनेरी ट्रॉफ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर छोटा टीव्ही. पहिल्या रांगेत चारुलताबाई बसल्या होत्या आणि त्या पाचांपैकी आपल्या रुमालावर कोणती बसेल याचा डोळ्यांनीच अंदाज घेत होत्या.

पहिला विभाग 'सर्वोत्कृष्ट भजन मंडळ'. बंडोपंतांनी चारही मंडळांची नावं खणखणीत आवाजात वाचली. मुख्य अतिथी म्हणून बोलावलेल्या दाताच्या डॉक्टरांनी पाकीट उघडून एका मंडळाचं नाव सांगितलं. ते मंडळ नाचत वर आलं. बंडोपंतांनी उरलेल्या तीन मंडळांकडे मोठ्या आशेने पाहिलं.

कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. तिन्ही मंडळांनी शांतपणे आपले टाळ पिशव्यांत भरले, पेट्यांना गवसण्या घातल्या, बायकांनी चपला शोधल्या, आणि ती सगळी मंडळी जेवणाच्या बाजूला न वळता फाटकाच्या बाजूला निघाली.

ती भांडली असती तर हेमराजला परवडलं असतं. पण बोलावलेला पाहुणा पानावर न बसता निघून गेला, तर ती गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत निघते. तो धावत फाटकाशी गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"भाऊ, बाई, थांबा ना! काय झालं?"

"काई नाही झालं," सर्वांत पुढच्या मंडळाची म्होरकी बाई शांतपणे म्हणाली. "तुमच्याकडे कार्य हाये, आमी कायले गर्दी करावं?"

"तुमचं बी हाये! तुमचं बी नाव हाये! आता घेणारच होते!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि हेमराजचा पुढचा मार्ग ठरला. त्याने तिन्ही मंडळांना परत बसवलं आणि बंडोपंतांना पडद्यामागे ओढलं. रीना कॅमेरा सोडून तिथे आली.

"काका, सबको देना पडेगा," ती म्हणाली. "नाई तं आज आपली केबल लोक तोडून नेतीन."

"सगळ्यांना?" बंडोपंतांचा आवाज चिरकला. "वीस जणांना? मग त्याला पुरस्कार कशाला म्हणता? संक्रांतीचं वाण म्हणा! आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर एकेक ठेवायचं!"

"काका, वाण तं वाण," हेमराज रडकुंडीला आला होता. "पण आज माही इज्जत राखा. तुमच्याशिवाय कोणाले बोलता नाही येत."

बंडोपंतांनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. डोमाजींची आई खुर्चीत बसून मुलाच्या फेट्याचा शेमला सारखा करत होती. ते वळले आणि हातातल्या कागदाची घडी घालून खिशात टाकली. सव्वीस कलमं होती त्या कागदावर.

"पण ट्रॉफ्या पाचच आहेत," ते म्हणाले.

समोरच धर्मेंद्रचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. रविवार असूनही त्याने शटर वर केलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या पंधरा ट्रॉफ्या काढून दिल्या. कुणावर कबड्डीपटू, कुणावर पैलवान, एकीवर तर डुबकी मारायला निघालेली बाई. रीनाने त्या साडीच्या पदराखाली झाकून दोन खेपांत आणल्या. पाच आणि पंधरा, वीस. हिशेब चोख बसला.

मग बंडोपंतांनी जे केलं ते चौदा वर्षांत कुणी त्यांना करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कागदाशिवाय बोलायला सुरुवात केली. 'सर्वोत्कृष्ट भजन मंडळ, सकाळचे सत्र.' 'सर्वोत्कृष्ट भजन मंडळ, ढोलकीसह.' 'सर्वोत्कृष्ट भजन मंडळ, नदीपलीकडचा विभाग.' प्रत्येक नावाला टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण आता प्रत्येक जण जिंकत होता आणि जिंकणाऱ्याची माणसं हॉलमध्ये होतीच. डुबकी मारणारी बाई नदीपलीकडच्या मंडळाला मिळाली आणि त्यांना ती फार आवडली. बंडोपंतांना आतून लाज वाटत होती, आणि तरीही हे आपल्याला छान जमतंय हेही त्यांना कळत होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांभाळली. डोक्यावर टीव्ही असलेली एक सोनेरी ट्रॉफी त्यांनी बाजूला काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली होती. ती कुणासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या रांगेत ते एका माणसाला न सांगताच कळलं होतं.

शेवटचा विभाग आला, 'सर्वोत्कृष्ट निवेदक'.

"कृषी विभागातून, डोमाजी!"

बँड वाजला. डोमाजींना क्रिकेटच्या फलंदाजाची ट्रॉफी मिळाली. त्यांनी ती उलटसुलट फिरवून पाहिली, आणि कमरेत वाकलेल्या त्या माणसाकडे पाहून त्यांचे डोळे भरून आले. "पाहा माय," ते आईला म्हणाले, "धान रोवून राह्यला."

"पाककला विभागातून, सत्यभामाबाई!"

त्यांना वजन उचलणारा पैलवान मिळाला. व्याह्यांनी तो डोक्यावर परात घेतलेला आचारी आहे असं ठरवलं आणि पैठणी तिथल्या तिथे दिली.

"शिक्षण विभागातून, नागसेन सर!"

त्यांना बुद्धिबळाचा घोडा आला. तो मात्र कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

"आणि," बंडोपंत म्हणाले. इथे त्यांचा आवाज किंचित हलला. "आणि वार्ता विभागातून..."

त्यांनी टेबलाच्या कोपऱ्याकडे हात नेला. कोपरा रिकामा होता.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं. फुलदाणीमागे पाहिलं. मग हेमराजकडे पाहिलं. हेमराजचा चेहरा पांढरा पडला होता. तो जवळ येऊन कुजबुजला, "काका, थे डाक्टरसाहेब आत्ताच गेले ना. त्यायले पेशंट होता. मुख्य अतिथी, एवढे आले, त्यायले खाली हातानं कसं जाऊ द्यावं? मी कोपऱ्यातली देऊन देल्ली. मले वाटलं, ज्यादाची हाये."

हॉल वाट पाहत होता. चारुलताबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. बंडोपंतांच्या मनात एक क्षण आलं की फुलदाणीच उचलावी आणि मोकळं व्हावं. आजच्या दिवसात कुणाला काही वाटलं नसतं. पण तेहतीस वर्षं दुसऱ्यांची नावं बिनचूक टाइप केलेला माणूस स्वतःच्या नावावर फुलदाणी घेईना.

त्यांनी माइक दोन्ही हातांत धरला.

"वार्ता विभागातून माझं नामांकन होतं," ते म्हणाले. "मी हरलो."

आणि मग, टीव्हीवर पाहिलं होतं तसं, ते हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

बुंदी वाढायला निघालेला वाढपी बुंदी हातात घेऊन थांबला. एकोणीस जिंकलेल्यांच्या घोळक्यात एक माणूस हरला होता आणि हसत होता. डोमाजींच्या आईने मुलाला विचारलं, "का झालं? पंडितजीले काहून नाही देल्लं?"

"हारले, माय."

"एकलेच?" म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

मग आधी डोमाजी उठले, मग नागसेन सर, मग व्याह्यांसकट सत्यभामाबाई, आणि सगळं कार्यालय उभं राहिलं. दिवसभरात कुणालाही मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या बंडोपंतांना हरल्याबद्दल मिळाल्या. पंगतीत त्यांच्या पानात बुंदी चार वेळा वाढली गेली. रीनाने हे सगळं कॅमेऱ्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पांढरीपांड्यांच्या घरी लोक भेटायला येऊ लागले. आत येऊन हळूच बसत, थोडा वेळ काही बोलत नसत, मग म्हणत, "फार वाईट झालं." चारुलताबाई चहा करून करून थकल्या. सत्यभामाबाई डबा घेऊन आल्या, कारण 'अशा वेळी घरात काय शिजवाल?' डोमाजी चिन्नोर तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून आले आणि म्हणाले, "पंडितजी, मनाले लावून नका घेऊ. आमी हावो ना." तिकडे केबलवर हरण्याचा तो प्रसंग दिवसातून सहा वेळा दाखवला जाऊ लागला. ज्यांनी छत्र्या लावल्या होत्या तेसुद्धा हेमराजच्या दुकानात येऊन कनेक्शन मागू लागले. सातच्या बातम्या आता आख्खं बालाघाट पाहत होतं. हरल्यावरही काका तसेच वाचतात का, हे लोकांना बघायचं होतं. काका तसेच वाचत होते.

मंगळवारी रीना एक बंद पाकीट घेऊन आली. "काका, हे तुमच्या कॅटेगरीचं. आपुन उघडलंच नाही ना. खरा रिझल्ट यात हाये, यांनी मोजणीच्याच दिवशी बंद केलता."

बंडोपंतांनी पाकीट हातात घेतलं. उजेडासमोर धरण्याचा मोह त्यांनी आवरला. "नाही," ते म्हणाले. "समारंभ संपला. आता उघडलं तर डोमाजीच्या फलंदाजाचं काय करायचं? कलम बाविसाप्रमाणे न उघडलेला निकाल गुप्त समजावा." चारुलताबाईंनी ते पाकीट घेतलं आणि शोकेसमध्ये क्रोशाच्या रुमालावर उभं करून ठेवलं. जागा रिकामी दिसायची थांबली.

दुपारी बंडोपंत वामकुक्षीला आडवे झाले आणि चारुलताबाईंनी चहाचं आधण ठेवलं. आधणावर पाकीट धरलं. झाकण अलगद सुटलं. आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'गली नंबर चार में तीन दिन से केबल बंद है. कृपया ध्यान दें.'

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, उलटी करून पाहिली, आणि मग सगळं त्यांच्या लक्षात आलं. हेमराजने या विभागाची मतं मोजलीच नव्हती. पाकीट पोकळ वाटू नये म्हणून पेटीतला हाताला आला तो कागद त्याने आत सारला होता. बाईंना हेमराजचा राग आला, आणि पलीकडच्या खोलीत घोरणाऱ्या माणसाची फार माया आली. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात. लिहिलं तर कधीच नव्हतं. त्यांनी किराणा यादीच्या वहीतलं पान फाडलं, पेन उचललं आणि लिहिलं. गोंद सापडेना, म्हणून सकाळच्या चिन्नोर भाताची चार शितं घेऊन झाकण चिकटवलं. गली नंबर चारची चिठ्ठी हेमराजकडे पाठवून दिली. संध्याकाळी तिथली केबल सुरू झाली.

बंडोपंतांनी बुधवार काढला, गुरुवार काढला. शुक्रवारी चारुलताबाई महिला मंडळात गेल्या आणि ते शोकेसपाशी जाऊन उभे राहिले. न फाडता पाकीट उघडायला सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आधणाची वाफ लागली आणि झाकण सुटलं. चिकटवलेल्या जागी सुकलेलं भाताचं शीत होतं. बंडोपंत त्या शिताकडे पाहत थबकले. मग त्यांनी कागद उलगडला.

'श्री. बंडोपंत पांढरीपांडे.' खाली दोन रेघा आणि शेवटी एक ठसठशीत टिंब.

स्वयंपाकघराच्या फडताळात मोहरी, हळद, तूरडाळ असे एकवीस डबे होते. प्रत्येकावर नाव, नावाखाली दोन रेघा आणि शेवटी ठसठशीत टिंब. बंडोपंतांनी मान वर करून ते डबे पाहिले, आणि पुन्हा कागद पाहिला. श्री. हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांनी भांड्यातून भाताची चार शितं घेतली.

सातच्या बातम्या वाचून ते घरी आले तेव्हा चारुलताबाई डाळ निवडत होत्या. बंडोपंत शोकेससमोर थांबले, पाकीट रुमालाच्या बरोबर मध्यावर आणून सरळ केलं.

"मग कधीच उघडायचं नाही का हो ते?" चारुलताबाईंनी डाळीतून मान वर न काढता विचारलं.

"कधीच नाही. पण एक सांगतो," बंडोपंत म्हणाले, "निकाल काहीही असो, परीक्षण अगदी निष्पक्ष झालेलं असणार."

"असणारच," चारुलताबाई म्हणाल्या, आणि तूरडाळीचा डबा फडताळात ठेवायला आत गेल्या.